नवऱ्याला भाऊ म्हणणारी

मी कोर्टात टायपिस्ट होतो. उभा जन्म दुसऱ्यांच्या साक्षी टाइप करण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर नशिबी काय आलं, तर स्वतः खोटी साक्ष द्यायचं काम. कॉलेजात त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे. मी आपलं खोटा पेशंट म्हणतो. एकदा विभागप्रमुख मॅडमसमोर तसं म्हणालो, तर त्यांना ठसकाच लागला.

काम असं. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत जनुकीय समुपदेशनाचा कोर्स चालतो. एखाद्या घराण्यात आजार चालत आलेला असला, तर तो पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता किती, तपासणी करावी का, केली तर काय कळेल आणि काय कळणार नाही, हे घरच्या माणसांना नीट बसवून समजावून सांगायचं, असं ते शिक्षण. आता शिकाऊ पोरांच्या हातात एकदम खरी माणसं कशी द्यायची? म्हणून आधी आम्ही. आम्हाला एक कुटुंब लिहून मिळतं. ते पाठ करायचं, खोलीत जाऊन पोरांपुढे बसायचं, आणि सांगितलं असेल तिथे रडायचं नाहीतर भडकायचं. काचेपलीकडे बसून मॅडम गुण देतात. पोरांना, आम्हाला नव्हे.

मला कायम नवऱ्याचं काम. तेही खडूस नवऱ्याचं. 'ह्यांना फार अभिनय करावा लागत नाही,' असं मॅडम कुणाशी तरी बोलल्या होत्या, ते फिरत फिरत माझ्या कानावर आलं. आणि माझी बायको व्हायच्या त्या ह्या बाई. पोरं त्यांना मावशी म्हणायची. मी बाई म्हणायचो. खोलीत मी त्यांचा 'अहो', आणि दाराबाहेर पाऊल पडलं की लगेच 'भाऊ'. यात त्यांची कधी गफलत झाली नाही. 'अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते ऐका तरी,' असं आत म्हणायच्या, आणि बाहेर आल्यावर, 'भाऊ, तुमची छत्री आत राहिली.' माझ्या घरच्या बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, बरं आहे, कुठेतरी तुम्हाला मान मिळतोय.

बाई पूर्वी शर्टांच्या कारखान्यात होत्या. कॉलर बसवायच्या. कारखाना बंद पडला, नवरा आधीच गेलेला, एक मुलगी, तिचं लग्न झालेलं. अभिनय म्हणाल तर नावाला नाही. कागदावर 'इथे रडावे' असं आलं, की त्या आधी चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, काड्या मिटवून टेबलावर ठेवायच्या, आणि मग रडायला बसायच्या. रडणं म्हणजे काय, तर खांदे वरखाली. समोरची पोर मात्र लगेच रुमालांचा खोका पुढे सरकवून, आवाज खाली आणून, 'वेळ घ्या मावशी, वेळ घ्या,' सुरू करायची. मला हसू आवरायचं नाही. खडूस नवऱ्याला हसता येत नाही म्हणून मी छताकडे बघत बसायचो.

अशा बाईने हे काम का धरलं, असा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. पैसे म्हणाल तर रिक्षाला जाऊन चहाला उरतील इतपत. मग एकदा कॅन्टीनमध्ये, चहात बिस्कीट बुडवता बुडवता, त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांच्या भावाला एक आजार झाला होता. सुरुवातीला हातातून वस्तू पडायच्या. मग हात आपोआप हलायला लागले, मग मान, मग जीभ जड झाली. स्वभाव फिरला, माणसं ओळखीची राहिली नाहीत, आणि शेवटी अंथरुणात गेला. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं, पण तेव्हा त्याला नसांची कमजोरी म्हणून सोडून दिलं. भावाच्या वेळी ह्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. म्हणाले, आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलाला तो असायची शक्यता निम्मी. तुमचीही तपासणी होऊ शकते, वरच्या मजल्यावर समुपदेशक बसतात, त्यांना जाऊन भेटा. बाईंनी मान डोलावली, जिन्यापर्यंत गेल्या, आणि सरळ घरी आल्या.

"वर गेलं की आपलं नाव लागतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मग ते मागे घेता येत नाही."

मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. आणि मुलगी आता मूल होऊ द्यायच्या विचारात होती. तिला सांगायचं की नाही, एवढाच बाईंचा प्रश्न. सांगितलं तर पोरीची झोप उडणार, संसारात विघ्न. नाही सांगितलं आणि उद्या काही निघालं, तर ती म्हणणार, आई, तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस? हा प्रश्न पोटात घेऊन बाई हिंडत होत्या. मग खोटे पेशंट हवेत असं त्यांच्या कानावर आलं, आणि त्यांच्या मनात आलं, की फुकटात त्या खोलीत बसायला मिळतंय. ही माणसं बोलतात कशी ते बघू. एखादं पोर नीट वाटलं, की त्याला विचारू. एकदाच.

मी म्हटलं, "बाई, ही पोरं? ह्यांना स्वतःच्या चहात साखर किती ते ठरवता येत नाही."

"निवडून घेईन ना," त्या म्हणाल्या.

आणि खरंच निवडायला लागल्या. कामं आटोपून सगळे चहाला खाली आले, की बाई एकेकाच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि भाजीवालीला विचारावं तसं विचारायच्या, "तू का गं आलीस या कामाला?"

देवा, काय ती उत्तरं. 'मला लोकांना मदत करायची आहे' असं सांगणारे तर ढिगाने. माझी पिशवी जिन्यावरून कुणी एकाने कधी उचलली असेल तर शपथ. एकीला डॉक्टर व्हायचं होतं, नंबर लागला नाही, मग डॉक्टरच्या शेजारची खुर्ची तरी मिळावी म्हणून ही इथे. आईबाप चारचौघांत 'आमची मेडिकलला आहे' असं सांगत होते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एक गडी रक्त पाहिलं की चक्कर येऊन पडायचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की इथे रक्त बघावं लागत नाही, फक्त त्याबद्दल बोलावं लागतं. एक प्रयोगशाळेतून आली होती. नळ्यांशी बोलून कंटाळा आला म्हणे, आता माणसांशी बोलेन. पण माणूस उत्तर द्यायला लागला की तिचा चेहरा असा पडायचा, की नळ्याच बऱ्या होत्या. एकाने बाहेरच्या देशात किती मागणी आहे, याचं गणितच मांडून ठेवलं होतं. आणि एक जाडजूड, झोपाळू पोर होती. ती म्हणाली, "घरापासून जवळ पडतं मावशी." बाईंना ती फार आवडली. मलाही. पण सहामाहीनंतर तिच्या घरच्यांनी जागा बदलली, आणि तिने कोर्सच सोडला.

उरली गोल्ड मेडल.

हे नाव मीच ठेवलेलं. मेडल मिळायच्या आधीपासूनच तिच्या चालण्याबोलण्यात ते लटकत होतं. हिचा धाकटा भाऊ असाच घराण्यातल्या एका आजाराने लहानपणी गेला. 'त्या दिवशी आमच्या घरच्यांशी नीट बोलणारं कुणीच नव्हतं,' असं ती सांगायची. 'आणि मी ठरवलं,' म्हणून थांबायची, 'की ते कुणीतरी मी होईन.' प्रवेशाच्या मुलाखतीत तिने हे सांगितलं तेव्हा मॅडमचे डोळे भरून आले होते. मग शिष्यवृत्तीच्या वेळी सांगितलं, पाहुणे आले तेव्हा सांगितलं, कॉलेजच्या मासिकात लिहिलं. भाऊ गेला हे खरं आहे, त्यावर मी कशाला बोलू. पण जन्मभर साक्षी ऐकलेला माणूस मी. ती दर वेळी त्याच शब्दावर थांबायची. 'आणि मी ठरवलं,' थांबा, 'की ते कुणीतरी.' माझ्या साहेबांपुढे असा साक्षीदार आला असता, तर त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं असतं, कुणी पढवलं?

बाईंनी तिलाच निवडलं.

मी वैतागलो. "बाई, ती पाठ केलेलं बोलते. तिला स्वतःचा भाऊ एवढा पाठ झालाय, तर तुमचा काय ऐकणार?"

"तिचा भाऊ गेलाय हो," बाई म्हणाल्या. "माझाही गेलाय. तिला कळेल."

मी उठून चहाचे पैसे दिले.

त्यांनी विचारायचा दिवसही असा निवडला, की कपाळाला हात लावावा. शेवटची परीक्षा. मी म्हटलं, एकटीला गाठा, कॅन्टीनमध्ये विचारा. पण बाईंचं म्हणणं, बाहेर ती घाईत असते, खोलीत तिला ऐकावंच लागतं. दार बंद असतं. शिवाय परीक्षेत एक वळण असतं. म्हणजे ठरलेलं कुटुंब चालू असताना खोट्या पेशंटने मध्येच काहीतरी अनपेक्षित काढायचं, आणि पोर गडबडते का ते मॅडम बघणार. बाईंनी हिशोब केला, की वळणाच्या जागी आपला खरा प्रश्न घालायचा. वेगळी परवानगी नको, वर जायला नको, नाव लागायला नको.

परीक्षेत आमचं कुटुंब छातीच्या कर्करोगाचं होतं. बाईंच्या आईला आणि बहिणीला झालेला, आणि मी तपासणीचे पैसे कशाला घालवायचे म्हणून कुरकुरणारा. गोल्ड मेडल समोर बसली, पाय जुळवलेले, हात मांडीवर, मान किंचित कललेली. सुरुवात झकास झाली. मी कुरकुरलो, तिने माझी कुरकुर गोड करून मला परत केली. बाईंनी एक वाक्य गाळलं, दुसरं दोनदा म्हटलं. नेहमीसारखंच.

मग वळण आलं. बाई थांबल्या. मला वाटलं आता चष्मा काढणार. चष्मा काढलाच नाही. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "भाऊ, तुम्ही जरा गप्प बसा आता."

भाऊ. बंद खोलीत, नवरा म्हणून शेजारी बसलेल्या माणसाला. मी ताडकन ताठ झालो. जगात कुठली बायको नवऱ्याला भाऊ म्हणते? एवढं ऐकून बहिऱ्यालाही कळावं, की नाटक संपलं आहे.

बाई बोलायला लागल्या. भावाचं सांगितलं. तो जेवायला बसला की त्याचा हात धरून ठेवावा लागायचा, आणि तो बहिणीला शिव्या द्यायचा, आणि मग रडायचा. वडिलांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "मुलगी मूल होऊ द्यायचं म्हणते. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगू का? तुझाही भाऊ गेलाय, म्हणून तुला विचारते. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

आवाज चढला नाही, खांदे हलले नाहीत. मी त्या बाईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

गोल्ड मेडल थोडा वेळ शांत राहिली. हेही शिकवलेलं असतं, थांबायचं. मग ती म्हणाली, "हे बोलायला तुम्हाला खूप धैर्य लागलं असेल."

"हो," बाई म्हणाल्या, आणि वाट बघू लागल्या.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला कळलं असतं, तर तुला कशाला विचारलं असतं?"

गोल्ड मेडलने हळूच मान हलवली. "कधीकधी याचं उत्तर आपल्या आतच असतं," ती म्हणाली.

आतच असतं! अगं बये, आत काय आहे याच भीतीने तर ती बाई अर्धी झाली होती. मला कळतं, सांगा किंवा सांगू नका असं ठोकून द्यायचं नसतं त्यांच्या कामात. नसू दे. दुसऱ्याच्या संसाराचा निकाल पोरीने द्यावा, असं मीही म्हणत नाही. पण एक गोष्ट तर विचारता आली असती की नाही? मावशी, हे खरं आहे का? बस्स, इतकंच. ह्यासाठी ना कोर्स लागतो ना मेडल.

वेळ संपल्याची घंटी वाजली. दार उघडून मॅडम आत आल्या त्या टाळ्या वाजवतच. असं वळण आजवर कुणी दिलं नव्हतं म्हणे. गोल्ड मेडलचे डोळे ओले होते. तिने बाईंना मिठीच मारली. "मावशी, काय केलंत तुम्ही आज. मला खरंच वाटलं."

"फक्त एक चूक झाली बरं का," मॅडम हसत म्हणाल्या. "नवऱ्याला भाऊ म्हणालात."

सगळे हसले. गोल्ड मेडलही हसली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं."

जिना उतरताना माझं डोकं तडकलं होतं. मी म्हटलं, वर जातो आणि ह्या शहाण्यांना काय ते तोंडावर सांगून येतो. बाईंनी माझी बाही धरली. "नको भाऊ. पोरीचे गुण जातील."

गुण गेले नाहीत. मेडल मिळालं. वरच्या मजल्यावर नोकरीही मिळाली. पुढच्या वर्षी नव्या पोरांच्या स्वागताला तिला बोलावलं, तर तिने आपल्या भावाचं सांगितलं, त्याच शब्दावर थांबून, आणि त्याला एक शेपूट जोडलं. म्हणाली, 'परीक्षेत एका मावशींनी मला शिकवलं, की ऐकणं म्हणजे काय.' मी मागच्या रांगेत होतो. उठून बाहेर गेलो.

आणि मॅडमचं डोकं बघा. त्यांनी बाईंचं ते सगळं बोलणं काचेपलीकडून लिहून घेतलं होतं. नव्या वर्षी ते आमच्या हातात छापून आलं. भाऊ, जेवताना धरलेला हात, मुलगी, सगळं जसंच्या तसं. मला नवरा म्हणून एक नवं वाक्य दिलं होतं, 'पोरीला काही सांगायचं नाही, मी बजावून ठेवतो.' बाईंनी कागद वाचला, घडी घातली, म्हणाल्या, "पाठ करायला नको, तेवढंच बरं."

मी म्हटलं, सोडून द्या हे काम. त्या म्हणाल्या, नवी पोरं आली आहेत, त्यांच्यात कुणी असेल. म्हणजे अजून आशा होतीच. आणि मग स्वतःच्या आयुष्यातला तो प्रश्न बाई दर आठवड्याला नव्या नव्या पोरांना विचारायला लागल्या, आणि पोरं दर आठवड्याला त्यांना विचारायला लागली, की तुम्हाला स्वतःला काय वाटतं. वर्ष सरत आलं. मुलीने आणि जावयाने आता मनावर घेतलं आहे, असं बाई एकदा चहाच्या वेळी म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं, चहा गरम असेल.

मग एक दिवस खोलीत मी शेजारी बसलेला, तर त्यांचा उजवा हात टेबलावर. बोटं उचलली जात होती, खाली पडत होती, मनगट आपलं आपण वळत होतं. बाई बोलत होत्या भावाचं, आणि हात वेगळंच काहीतरी करत होता. मी माझं वाक्य विसरलो. समोरच्या पोराने ते माझ्याकडून तीनदा काढून घ्यायचा प्रयत्न केला.

काम संपल्यावर पोरं आम्हाला सूचना करतात. तेवढाच त्यांना मोठेपणा. समोर होता तो गळ्यात ओळखपत्र मिरवणारा एक जण. म्हणाला, "मावशी, एकदम मस्त. फक्त तो हात जरा कमी करा ना. ओव्हर वाटतं. आणि मुळात आजार तुमच्या भावाला दाखवलाय, तुम्हाला नाही."

मॅडमनी काचेपलीकडून माइकवर दुजोरा दिला. "बरोबर आहे. हात नको."

"बरं," बाई म्हणाल्या. "कमी करते." आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरला.

फाटकाशी बाईंची मुलगी उभी होती. दोघींना कुठेतरी खरेदीला जायचं होतं. पोर चांगली, हसरी, आईपेक्षा उंच. मला म्हणाली, "काका, फार छळते का हो आई?" बाईंनी खांद्यावरची पर्स हातात घेतली आणि ती पडली. मुलीने उचलून दिली, पुन्हा पडली. मग तिचं लक्ष हाताकडे गेलं.

"हे काय गं आई? हात काय करतेस?"

"काही नाही. आजच्या कामात होतं तसं. सवय लागली."

मुलगी खळखळून हसली. "रस्त्यातसुद्धा? किती ओव्हर ॲक्टिंग करतेस."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. कॉलेजातल्या त्या सगळ्यांपुढे खाली गेलेली मान या वेळी खाली गेली नाही.

"ॲक्टिंग नाही ते," त्या म्हणाल्या. "मला ॲक्टिंग येत नाही. तुझ्या मामाचा हलायचा, तसा हलतोय हा."

पोरीच्या तोंडावरचं हसू अजून तिथेच होतं. "काहीही काय. मामाचा हात दारूने हलायचा. तूच सांगितलंस ना, पिऊन पिऊन गेला म्हणून?"

"तुझा मामा कधी थेंबभरही प्यायला नाही," बाई म्हणाल्या.